ग्रां रावीनची शिरगणती

सकाळी सहालाच वॉल्डन सेराफिन व्हरांड्यात येऊन बसला, तेव्हाच इर्मिन फाबियेंने ओळखलं की हा काही कोको-चहासाठी आलेला नाही. वॉल्डन गावच्या कौन्सिलचा अध्यक्ष. बे-पानांचं तेल गाळायची भट्टी त्याची, त्यामुळे माणूस दिसायच्या आधी त्याचा लवंगेसारखा तिखट वास पुढे यायचा.

"किती घरं राहिली?" त्याने विचारलं.

"एकोणीस."

"आणि आकडा कुठवर आलाय?"

"तो मी खात्याला सांगणार. तुला नाही. बायबलवर हात ठेवून शपथ घेतलीय मी."

"शपथ मीही घेतलीय, बाई, कौन्सिलची. तरी घरी येऊन दोन खोट्या गोष्टी बोलतोच की नाही बायकोशी?" वॉल्डन हसला, पण लगेच खुर्ची पुढे ओढून त्याने आवाज खाली आणला. "हे बघ इर्मिन. कागद तुझा, पेन्सिल तुझी. चार नावं जास्त लिहिलीस तर काय डोंगर कोसळणार आहे?"

"डोंगर तसाही कोसळतोच आहे," इर्मिन म्हणाली आणि त्याच्यापुढे कप ठेवला. "पी. गार होईल."

वॉल्डनचं चुकत होतं असं तिलाही म्हणवेना. राजधानीतून, रोझोहून, बातमी आली होती की ज्या गावात तीनशेपेक्षा कमी माणसं असतील तिथलं आरोग्य केंद्र बंद करून शेजारच्या गावाला जोडायचं. ग्रां रावीनला शेजार म्हणजे प्ती साब्ल, सात मैल खाली, समुद्राला लागून. मधे दोन ठिकाणी दरड पडलेली, आणि पूल वादळात गेल्यापासून नदी दगडांवरून ओलांडायची. मागच्या ऑगस्टात लेओनीला कळा सुटल्या तेव्हा नदीला पाणी आलं होतं. नर्स कोरिन गावातच होती म्हणून आई आणि मूल दोघं वाचली. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. इर्मिनला तर जास्तच, कारण त्या वेळी कंदील तिनेच धरला होता.

सव्वीस वर्षं ती गावची पोस्टमास्तर होती. दोन वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळाने पोस्टाचं छप्पर नेलं, आणि पोस्ट पुन्हा उघडलं नाही. शिरगणतीसाठी प्रत्येक दार ओळखणारं माणूस हवं होतं, म्हणून तिला बोलावणं आलं. केशरी जाकीट, खांद्याला पिशवी, पिशवीत फॉर्म आणि तासलेल्या सहा पेन्सिली. सबंध डॉमिनिकात माणसं ती किती, सत्तर हजारांच्या आसपास! "एवढ्याशा देशात एक जरी सुटला तर भगदाड पडतं," असं प्रशिक्षणातला साहेब म्हणाला होता. इर्मिनला ते पटलं होतं.

त्या दिवशी तिचं पहिलं दार मा युलालीचं. म्हातारी ऐंशीच्या पुढची, डोक्याला चौकड्यांचं फडकं, मांडीवर अळकुड्यांची परात.

"लिही, पाच जण," मा युलाली सोलता सोलता म्हणाली.

"पाच? मला तर एकटीच दिसतेस."

"मी, लायनेल, त्याची बायको, दोन पोरं."

"लायनेल ग्वादलूपला आहे, मा. सहा वर्षं झाली."

"त्याची खाट इथे आहे! ये, बघ आत."

"खाटा मोजत नाही मी."

म्हातारीने सुरी परातीत आपटली. "बरं, मला एक सांग. रोझोतले ते साहेब लोक, ज्यांनी हे बेट नकाशात सुद्धा बघितलं नाही अशा परक्यांना आपला पासपोर्ट विकतात ना? ते डॉमिनिकाचे! आणि माझ्या पोटचा गोळा, ज्याची नाळ त्या विलायती फणसाखाली पुरलीय, तो नाही?"

"पासपोर्टवाल्यांनाही मी मोजत नाहीये, मा. गणतीच्या रात्री इथे कोण झोपलं, एवढंच विचारतेय."

"मग मांजर झोपलं. लिही मांजर!"

इर्मिनने फॉर्मवर एक आकडा लिहिला. निघताना म्हातारीने रोजच्यासारखी केळी दिली नाहीत.

पुढच्या घरांत तेच. कुणाचा मुलगा सेंट मार्टिनला बांधकामावर, कुणाची मुलगी इंग्लंडात म्हाताऱ्यांची सेवा करायला. प्रत्येक आई आपल्या पोराला कागदावर तरी घरी आणायला बघत होती. इर्मिन समजावून सांगे, मग खरा आकडा लिहून पुढच्या दाराकडे वळे. चौथ्या दिवसापर्यंत दुकानापुढच्या बाकावर तिला बघून बोलणं थांबायला लागलं. नर्स कोरिन तेवढी म्हणाली, "माझ्या नोकरीसाठी खोटं लिहू नकोस. मी आपली कुठेही सुया टोचीन." पण बोलताना ती खिडकीतून बाहेर बघत होती.

सगळ्यात शेवटी इर्मिनने आपल्या घराचा फॉर्म काढला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने स्वतःचं नाव लिहिलं, वय बावन्न, विधवा. खाली दुसरी ओळ रिकामी होती. तिचा झेरोम मारी-गालांत बेटावर उसाच्या कारखान्यात होता, तीन वर्षं. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तो म्हणायचा, "येतोच आहे, आई." पेन्सिल त्या रिकाम्या ओळीवर टेकवून ती बराच वेळ बसून राहिली. मग तिने ओळीवर आडवी रेघ मारली आणि एकूण माणसं, या चौकोनात 'एक' लिहिलं.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. पण तिची पुतणी मदतीला आली होती, तिने तो कागद बघितला, आणि संध्याकाळपर्यंत बाकावरचं कुजबुजणं थांबलं. माणसं अजून रागावलेलीच होती, पण तोंडावर काही म्हणायची सोय उरली नाही.

बेरीज झाली दोनशे एक्क्याऐंशी. राहिला होता एकच माणूस, आणि तो जिवंत आहे की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं.

आल्सिद. गाव त्याला तोंतों आल्सिद म्हणे, म्हणजे आल्सिदकाका. वय सत्तरीचं, बायकामुलं नाहीत. वरच्या दरीत, नदीच्या उगमापाशी त्याची झोपडी. वादळानंतर तो दिसला नव्हता. कौन्सिलने बेपत्ता माणसांची यादी केली त्यात त्याचं नाव घातलं, आणि चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना झाली तेव्हा ते वाचलंही गेलं.

"मग लिहून टाक ना जिवंत," वॉल्डन म्हणाला. "मेला असला तर तक्रार करायला येणार नाही."

"बघून लिहीन."

"अगं, वर वाट आहे का? रानडुकरंसुद्धा जात नाहीत."

"पत्र पोहोचवायला जात होते की मी. वर्षातून एकदा पेन्शनचा कागद यायचा त्याचा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती निघाली. नदी ओलांडायच्या पहिल्या दोन उतारांवर पाणी घोट्यापर्यंत होतं. तिसऱ्या ठिकाणी तिने शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवला मात्र, पिशवी धरलेला हात तसाच वर राहून ती पालथी झाली. कागद कोरडे राहिले. पाय मात्र मुरगळला तो असा की उभं राहवेना. काठावर सरपटत येऊन ती बसली आणि जिवाच्या आकांताने ओरडली. झाडांतून पोपटांचा एक थवा कलकलाट करत उडाला.

"कोण बोंबलतंय?" वरून आवाज आला. "पाखरं घाबरवलीस माझी!"

फांद्या बाजूला सारून एक उघडाबंब म्हातारा खाली उतरला, हातात कोयता, एका डोळ्यात पांढरं फटक फूल. इर्मिनने झटकन छातीवर क्रूसाची खूण केली.

"हात लावून बघ," आल्सिद म्हणाला. "मेलेल्या माणसाला एवढा घाम येत नाही. तू पोस्टातली पोरगी ना? पेन्शन आणलीस का?"

"शिरगणती करायला आलेय, तोंतों."

तो इतका हसला की त्याला खोकला आला. मग त्याने तिला आधार देऊन वर नेलं, झोपडीपुढच्या ओंडक्यावर बसवलं, कसलासा पाला ठेचून पायाला बांधला. इर्मिनने लगेच फॉर्म काढला. हातातलं काम टाकून विव्हळत बसायची तिला सवय नव्हती.

"त्या रात्री इथे कोण झोपलं होतं?"

"मी. नीट नाही झोपलो. पाठ दुखते."

"पाठीचा रकाना नाही. धंदा?"

"तूच बघ की."

तिने मान वर केली आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. दरी दोन्ही बाजूंनी कड्यांच्या कुशीत होती, वारा इथे शिरलाच नसणार. उतारावर दगडांच्या ताली, आणि तालींवर अळकुडीच्या ओळी, राजेळी केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, कोकोची आणि बे-ची रोपं. एका कडेला मुनव्यांच्या जुड्या बांधून ठेवल्या होत्या, माहो झाडाच्या सालीने, दुहेरी गाठ मारून.

ती गाठ बघून इर्मिनची पेन्सिल थांबली. वादळानंतर गावात लावायला एक कोंब उरला नव्हता. चौथ्या आठवड्यात एका सकाळी वॉल्डनच्या भट्टीपाशी अशाच जुड्यांचा ढीग सापडला, मग दर आठ-दहा दिवसांनी. वॉल्डनने छाती काढून सांगितलं होतं की मंत्र्यांनी त्याच्या शब्दाखातर रोपं पाठवली. त्याच रोपांवर ग्रां रावीन पुन्हा उभं राहिलं. आता दर मंगळवारी नदीपलीकडे व्यापारी बायकांचे दोन ट्रक भरत होते, बोटीने अँटिग्वाला जात होते, ते त्या जुड्यांच्या जोरावर.

"तोंतों, ती रोपं तुझी होती?"

"मग काय आभाळातून पडली?"

"आम्हाला वाटलं मंत्री ग्रेसनने धाडली."

"ग्रेसनने? अळकुडी कुठल्या टोकाने जमिनीत लावतात ते तरी ठाऊक आहे का त्याला?"

"मग तू खाली का नाही आलास? सगळ्यांना वाटतं तू मेलास!"

आल्सिदने कोयत्याचं पातं अंगठ्याने पुसलं. "आलो होतो. दहा दिवस वाट बघितली, कुणी तरी वर येईल, हाक मारील. कुणी आलं नाही. अकराव्या दिवशी मीच उतरलो. चर्च भरलेलं होतं. मागे दाराशी उभा राहिलो, तर फादर माझंच नाव वाचतायत, आणि तुम्ही सगळे गाताय. छान गात होता. म्हटलं, चला, यांचं काम उरकलेलं दिसतंय." त्याने कोयता बाजूला ठेवला. "परत वर आलो."

इर्मिनने फॉर्म मांडीवर उलटा ठेवला. ती त्या दिवशी पुढच्या बाकावर होती. मोठ्याने गायली होती. आणि त्या दहा दिवसांत तिला एकदाही आठवलं नव्हतं की वरच्या दरीत एक माणूस असतो, ज्याला ती वर्षातून एकदा पत्र द्यायची.

"चुकलं आमचं," ती म्हणाली. "माझं तर जास्तच."

"हं."

"तरी रोपं दिलीस."

"राग होताच की. पण त्या टेकाडावरून खालचं गाव दिसतं मला, या एका डोळ्याने. तीन आठवडे चुलींचा धूर म्हणून दिसेना. मग नुसता राग घेऊन बसून काय करू?"

तिने धंद्याच्या रकान्यात 'शेतकरी' लिहिलं, अक्षर जरा ठळक काढून. मग आरोग्य केंद्राचं आणि आपल्या शपथेचंही त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मेलेल्याला नर्स काय करायची?" पण पांढऱ्या डोळ्याला त्याने नकळत हात लावला. निघताना त्याने बजावलं, "शपथ घेतलीयस ना? मग मी भेटलो हे खाली बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

टेकाडापर्यंत त्याने तिला खांद्याचा आधार दिला, पुढे काठी देऊन वळला.

गावात वॉल्डन वाटच बघत होता. "सापडला?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे मेलाय."

"सांगता येत नाही, म्हटलं ना!"

"धन्य आहेस! लंगडत आलीस, तोंडाला कुलूप, आणि गावाचं केंद्र जाणार ते जाणारच," वॉल्डन म्हणाला आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन घरापर्यंत पोचवून गेला. माणूस तसा वाईट नव्हता.

सात आठवड्यांनी, एका रविवारी प्रार्थनेनंतर, मंत्री ग्रेसन तावेर्निये शाळेत आला. आरोग्य खातं त्याच्याकडे होतं, आणि इथला निवडून आलेला प्रतिनिधीही तोच. गाव सगळं लोटलं होतं. प्राथमिक आकडा त्याच्या हातातल्या कागदावर होता.

"दोनशे ब्याऐंशी," तो म्हणाला. लोकांत कुजबुज झाली. बऱ्याच माना इर्मिनकडे वळल्या.

वॉल्डन उठला. त्याने आधी मंत्र्यांचे आभार मानले, वादळानंतर पाठवलेल्या रोपांबद्दल, मग विनंती केली. इर्मिनने ओठ घट्ट मिटून घेतले होते. पण ग्रेसनच्याच कपाळाला आठी पडली.

"कुठली रोपं, वॉल्डन? त्या वर्षी आम्ही इकडे काहीच पाठवू शकलो नाही. रस्ताच नव्हता. त्याची लाज मला अजून वाटते."

वॉल्डनचा चेहरा पडला. "मग... दर आठवड्याला ती..." तो खाली बसला. त्याला खरंच वाटत होतं की मंत्र्यानेच पाठवली असतील. बढाई त्याने फक्त आपल्या शब्दाची मारली होती.

त्या गोंधळात इर्मिन उभी राहिली.

"बोला, मिस फाबियें," ग्रेसन म्हणाला.

"मिस फाबियें कशाला? माझ्या वहीतून गणितं उतरवायचास तेव्हा इर्मिनच होते ना मी?" लोक हसले. तोही हसला. "आकडा खरा आहे, ग्रेसन. एकेका दारात जाऊन आणलाय मी तो, शिव्या खाऊन. आम्ही थोडे आहोत ते मला रोज एक ताट वाढून घेताना कळतं, त्याला शिरगणती नको. पण तुझ्या फॉर्मवर नव्हतं ते सांगते. ही दोनशे ब्याऐंशी माणसं दर मंगळवारी दोन ट्रक भरतात. अँटिग्वाच्या हॉटेलांतल्या सुपात आमची अळकुडी असते. तिथे वाळू आहे, इथे माती आहे. रोझोत परदेशी पैसा येतो त्यातला काही या नदीतून दगडांवरून उड्या मारत खाली गेलेला असतो. पाय मोडला तर नर्स नाही असं झालं, की पुढच्या गणतीला शंभर उरतील. त्यांनाही मी खरंच मोजीन. मग इथली जमीन कसायला कुणाला आणशील?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कारण त्याच वेळी मागचं दार करकरलं आणि तिथे आल्सिद उभा होता, धुतलेला सदरा घालून, खांद्यावर माहोच्या सालीने बांधलेली एक जुडी.

एक बाई किंचाळली. मा युलाली मात्र काठी टेकत थेट त्याच्यापुढे गेली, त्याचा गाल चिमटीत धरून ओढला, आणि कडाडली, "मेल्या! दोन वर्षं तुझ्या आत्म्यासाठी गुडघे झिजवतेय मी! जिवंत होतास तर सांगता येत नव्हतं?"

"तू इतकी मनापासून करत होतीस, मा, मोडवेना," आल्सिद म्हणाला.

हशा पिकला, पण फार टिकला नाही. वॉल्डन त्या जुडीकडे बघत होता. बघता बघता सगळेच बघायला लागले. त्या गाठी प्रत्येकाने आपल्या हाताने सोडवल्या होत्या. वॉल्डन उठून त्याच्यापाशी गेला.

"यादीत तुझं नाव मी लिहिलं होतं, तोंतों. वर न जाताच."

"माहीत आहे," आल्सिद म्हणाला. "चर्चच्या दारावर वाचली ती यादी. अक्षर तुझंच असणार. स्पेलिंग चुकलं होतं." त्याने जुडी वॉल्डनच्या हातात दिली आणि मंत्र्याकडे वळला. "साहेब, दोनशे ब्याऐंशीतला तो वरचा एक मीच. माझा हा डोळा गेला, दुसरा चाललाय. टेकाडावरून शाळेपाशी गर्दी दिसली, म्हणून नर्सला दाखवायला आलोय. आज आहे ना ती?"

नर्स कोरिन खुर्चीवरून उठलीच होती.

ग्रेसनने आकड्याचा कागद दुमडून खिशात घातला. मग म्हणाला, तीनशेची रेघ काही कायद्यात नाही, त्याच्याच खात्यातल्या टेबलावर ओढलेली आहे. सगळं देतो असं खोटं तो बोलणार नाही. डॉक्टर येणार नाही, नवी इमारत होणार नाही. पण केंद्र आठवड्यातून तीन दिवस उघडं राहील आणि नर्स गावातच राहील.

"लिहून दे," मा युलाली म्हणाली.

"मा, मी मंत्री आहे."

"म्हणूनच."

शाळेच्या वहीतलं पान फाडून त्याने लिहून दिलं, खाली सही केली. तीन दिवस म्हणजे पाच नव्हेत, असं काही जण परतताना कुरकुरलेच. पुलाबद्दल तो फक्त "बघू" म्हणाला होता.

पुढच्या शनिवारी गावाने आल्सिदसाठी सावड घातली. ज्याच्या घरी काम त्याच्या घरी सगळ्यांनी जायचं, ही रीत जुनीच, पण वरच्या दरीत ती आजवर कधी गेली नव्हती. चाळीसेक माणसं निघाली. बायकांच्या डोक्यावर खारा मासा आणि केळ्यांची पातेली, पुरुषांच्या खांद्यावर छपराचे पत्रे. आल्सिद खाली यायला तयार नव्हता. मग घरच वर नीट बांधून देऊ, असं ठरलं होतं.

इर्मिनचा पाय अजून पुरता बरा नव्हता. तिसऱ्या उतारावर ती काठाशी बसली. लोक पाण्यात एका रांगेत उभे राहिले होते आणि पत्रे हातोहात पलीकडे जात होते. वॉल्डन मधोमध, कमरेपर्यंत पाण्यात, सगळ्यांना हुकूम सोडत होता आणि कुणीच त्याचं ऐकत नव्हतं. झेरोमचा शुक्रवारीच फोन आला होता, गावची ही गोष्ट त्याला तिकडे बोटीवरच्या कुणीतरी सांगितली होती. "खरंच का गं आई, मेलेला माणूस आला?" असं तो विचारत होता. नेहमीचं "येतोच आहे" तो या वेळी म्हणाला नाही. नाताळात किती तारखेची बोट असते, एवढं मात्र त्याने विचारलं.

"इर्मिन! बसलीस काय? मोज तरी, किती पत्रे गेले!" वॉल्डन ओरडला.

"आज सुट्टी आहे माझी," ती ओरडून म्हणाली, आणि काठी टाकून, दोन्ही हात पसरून, रांगेतल्या शेवटच्या जागेवर पाण्यात उतरली.